सरबत, पंगत आणि चीज : पॅरिसमधील एका दुकानाचा अन्न-इतिहास

पॅरिसमधील सेव्र-बाबिलोन या मेट्रो स्थानकाच्या पायऱ्या चढून वर आले, की समोर एक लहानसे उद्यान दिसते आणि उद्यानाच्या पलीकडे एक दुकान. दुकान हा शब्द येथे तोकडा पडतो. चारही बाजूंनी रस्ते असलेला एक अख्खा चौकोनच या वास्तूने व्यापला आहे. तिचे नाव 'ल बाँ मार्शे'. 'बाँ मार्शे' या जोडशब्दाचा फ्रेंच व्यवहारातला अर्थ अगदी सरळ आहे : स्वस्त. आज तेथील एखाद्या हातपिशवीवरची किंमत वाचली, की हे नाव कुणी उपरोधाने ठेवले असावे अशी शंका येते. ते उपरोधाने ठेवलेले नव्हते. एके काळी ते त्या दुकानाचे वर्णन होते, आणि वर्णनाहूनही अधिक ते गिऱ्हाइकाला दिलेले वचन होते.

आम्ही तेथे गेलो ते खरेदीसाठी नव्हे, एका कादंबरीपायी. एमिल झोला यांची 'ओ बोनर दे दाम' ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने आली. शीर्षकाचा अर्थ 'स्त्रियांचे सुख' असा करता येईल. कादंबरीतल्या महादुकानाचेही तेच नाव आहे. ती लिहिण्यापूर्वी, १८८२ च्या आरंभी, झोला यांनी बाँ मार्शे आणि त्याच्या स्पर्धेतले लुव्र या दुकानांत हिंडून, तेथील माणसांशी बोलून तपशीलवार टिपणे काढली होती. वास्तववाद आणि निसर्गवाद यांतला भेद शिकवताना या टिपणांचा उल्लेख आम्ही कितीदा तरी केला असेल. ती टिपणे जेथे निघाली ती जागा एकदा आपल्या पायांनी फिरून पाहावी, एवढीच इच्छा होती.

कापड, हातमोजे, अत्तरे यांचे विभाग पाहून झाले. मग भूक लागली, आणि रू द्यु बाक हा रस्ता ओलांडून आम्ही दुकानाच्या दुसऱ्या इमारतीत शिरलो. तिचे नाव 'ला ग्राँद एपिसेरी'. 'एपिसेरी' या शब्दाच्या पोटात 'एपीस' म्हणजे मसाला आहे. मसाले विकतो तो एपिसिए. आपला 'किराणा' हा शब्द याच मुलखातला. तेव्हा 'ग्राँद एपिसेरी'चे मराठी नाव 'थोरला किराणा' असे व्हायला हरकत नाही. या थोरल्या किराण्यात बर्फाच्या उतरणीवर मासे मांडलेले होते. फळे अशी रचली होती, की त्यांतले एक उचलले तर आपण काही बिघडवू असे वाटावे. आतल्या भट्टीतून पावाचा वास येत होता. आणि एका कपाटात निरनिराळ्या देशांतले पिण्याचे पाणी, केवळ पाणी, बाटल्यांत भरून विकायला ठेवले होते.

या खाद्यदालनाच्या इतिहासातली दोन साले आम्हांला ठाऊक होती. दुकानात खाद्यपदार्थांचा विभाग सुरू झाला तो १९२३ साली, आणि त्याला आजचे नाव मिळाले ते १९७८ साली. याउलट, बाँ मार्शेला ज्याने आधुनिक रूप दिले तो आरिस्तीद बूसिको १८५२ मध्येच तेथे भागीदार झाला होता. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे या दुकानाने रेशीम विकले, लोकर विकली, पांढरे कापड, लेस, छत्र्या, गालिचे, पुढे खेळणी आणि फर्निचरही विकले. फक्त चीज आणि मासे विकले नाहीत. एवढा उशीर का?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही पुन्हा कादंबरीकडे आणि दुकानाच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा ध्यानात आले की प्रश्नाची मांडणीच थोडी चुकली होती. अन्न त्या दुकानात फार आधीपासून होते. ते फक्त विकायला ठेवलेले नव्हते.

*

बूसिकोचा जन्म १८१० सालचा, नॉर्मंडीकडच्या बेलेम गावचा. बाप टोप्या करणारा. कापड विकत फिरणारा हा तरुण पॅरिसला आला आणि रू द्यु बाकवरच्या एका मोठ्या कापडदुकानात नोकरीला लागला. त्याच रस्त्यावर मार्गरित गेरँ नावाची, बर्गंडीतल्या खेड्यातून आलेली एक तरुणी लहानशी खानावळ चालवीत असे. बूसिको तेथे जेवायला जाई. पुढे त्यांचे लग्न झाले. जगातल्या पहिल्या महादुकानांपैकी एकाची कथा अशी एका खानावळीत सुरू होते, ही गोष्ट दुकानाच्या गौरवकथांत एखाद्या ओळीत येऊन जाते. आम्हांला ती महत्त्वाची वाटते.

दुसरा तपशीलही असाच. १८६३ मध्ये बूसिकोने आपल्या भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. त्यासाठी लागलेली रक्कम ज्याने पुरवली तो माय्यार नावाचा फ्रेंच गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये मिठाई आणि चॉकलेटच्या धंद्यावर श्रीमंत झालेला होता. कापडाच्या या साम्राज्याला पहिले मोठे भांडवल मिळाले ते साखरेतून.

बूसिकोची पद्धत काय होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. त्याच्या आधीच्या दुकानात शिरणे म्हणजे खरेदीची जवळजवळ कबुली देणे असे. मालावर किंमत लिहिलेली नसे. ती विक्रेत्याच्या मनात असे आणि गिऱ्हाइकाचे कपडे, बोलणे, अडचण पाहून ठरे. बूसिकोने किंमत चिठ्ठीवर लिहिली. दार उघडे ठेवले. कुणीही यावे, पाहावे, काही न घेता जावे. घेतलेली वस्तू पसंत नसेल तर परत आणावी. नगामागे नफा कमी ठेवावा आणि माल भराभर खपवावा. यांतली प्रत्येक कल्पना त्याचीच होती असे नव्हे. ठरावीक किंमत आधीच्या काही दुकानांतही होती. पण या साऱ्यांची एकत्र मोट बांधून त्यांवर एवढा मोठा व्यवहार उभा करणे हे त्याचे काम. १८५२ साली पाच लाख फ्रँकांच्या आसपास असलेली वार्षिक विक्री त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७७ साली, सहा कोटींच्या वर गेली होती. १८६९ मध्ये नव्या वास्तूची पायाभरणी झाली. लोखंड आणि काच यांची ती वास्तू पुरी व्हायला १८८७ साल उजाडले.

'एकच भाव' अशी पाटी आपल्याकडच्या दुकानांतही असते आणि आपण ती पुष्कळदा थोड्याशा रागाने वाचतो, कारण घासाघीस हा आपल्याला आपला हक्क वाटतो. पण ती पाटी सर्वांत आधी दुबळ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. ज्याला बोलता येत नाही, ज्याला दुकानदाराची भाषा येत नाही, ज्याची लाज त्याच्या खिशाहून मोठी आहे, त्याला ती चिठ्ठी संरक्षण देते. परक्या देशात त्या दिवशी आम्हांलाही तिने दिले. तिची किंमत एवढीच, की विकणारा आणि घेणारा यांच्यातले संभाषण तिच्यामुळे संपते.

*

आता अन्नाकडे वळू. बाँ मार्शेत अन्न पहिल्यांदा दिसते ते फुकट. खरेदीला आलेल्या बायकांना थकवा येऊ नये, त्यांनी लवकर घरी जाऊ नये, म्हणून दुकानात खाण्यापिण्याची एक मेजवजा जागा होती आणि तेथे सरबत मिळे. नवऱ्यांसाठी वर्तमानपत्रांसह वाचनालय होते. झोला यांनी हे दोन्ही तपशील उचलले. त्यांचा नायक ओक्ताव्ह मूरे आपल्या दुकानात सरबते आणि बिस्किटे फुकट वाटतो, मुलांना दुकानाचे नाव छापलेले फुगे देतो. आईला मुलाच्या वाटेने जिंकावे आणि तिच्या पायांतला थकवा सरबताने काढावा, हे त्याचे धोरण आहे, आणि त्यामागचा हिशेब झोला आपल्यापासून लपवीत नाहीत.

हे सरबत आतिथ्यासारखे दिसते. घरी आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवावे ही रीत आपल्याला इतकी सवयीची आहे, की तिचा उपयोग आपल्याविरुद्ध होऊ शकतो हे आपल्या लवकर लक्षात येत नाही. ज्या दुकानाने 'तुम्ही काही घेतलेच पाहिजे असे नाही' असे सांगून गिऱ्हाइकाला जुन्या भिडेतून मोकळे केले, त्याच दुकानाने सरबताच्या पेल्यातून एक नवी, गोड भीड निर्माण केली. पहिल्या टप्प्यावर अन्न हे आमिष होते.

दुसऱ्या टप्प्यावरचे अन्न गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड होते. बाँ मार्शेतल्या नोकरांना दुकानातच जेवण मिळे. तो त्यांच्या मोबदल्याचा भाग होता. शेकडो, पुढे हजारो माणसांचे जेवण एका भटारखान्यात शिजे आणि पंगती पाळीपाळीने बसत. पुरुषांचे भोजनगृह वेगळे, स्त्रियांचे वेगळे. अविवाहित मुलींपैकी अनेकींना वरच्या मजल्यावर राहायची सोयही होती. हा भटारखाना ही दुकानाला अभिमान वाटावा अशी गोष्ट होती. पाहुण्यांना दुकानाच्या पोटातला कारभार दाखवायला नेत, तेव्हा तो आवर्जून दाखवीत. बूसिको दांपत्याने १८७६ मध्ये नोकरांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला आणि नंतर मार्गरितने निवृत्तिवेतनाचीही व्यवस्था केली, हे येथे नोंदवलेच पाहिजे. त्या काळच्या पॅरिसमध्ये ही सामान्य गोष्ट नव्हती.

पण झोला यांच्या कादंबरीचे सहावे प्रकरण उघडावे. उन्हाळ्यातली मंदी आली आहे, आणि दुकानात नोकरकपातीची धास्ती पसरली आहे. कुणाला कोणत्या क्षणी काढून टाकतील याचा नेम नाही. त्याच प्रकरणात लेखक आपल्याला भोजनगृहात नेतो. अवाढव्य भांडी, घाईघाईने वाढलेली ताटे, अन्नाविषयीच्या तक्रारी, एकमेकांच्या जागेवर डोळा ठेवून असलेले सहकारी. एकाच्या हकालपट्टीने दुसऱ्याची बढती होते, कारण पगाराखेरीज विक्रीवर टक्केवारी मिळते आणि गिऱ्हाइके मर्यादित आहेत. ज्यांनी एका पंगतीत बसून जेवायचे, त्यांनीच उठून एकमेकांचा घास काढून घ्यायचा, अशी ती रचना आहे. झोला कुठेही हे वाक्य लिहीत नाहीत. त्यांनी फक्त भूक आणि भीती एका प्रकरणात आणून ठेवली आहेत.

कादंबरीची नायिका देनीझ दोन भावांना घेऊन लहान शहरातून आलेली आहे. तीही या प्रकरणात नोकरी गमावते. पुढे ती दुकानात परत येते, तिचा शब्द मूरेपाशी चालू लागतो, आणि मंदीत लोकांना काढून टाकण्याऐवजी रजेवर पाठवण्याची पद्धत येते. समीक्षकांनी या भागाला स्वप्नरंजन म्हटले तर ते सर्वस्वी अन्यायाचे ठरणार नाही. मात्र बाँ मार्शेच्या मालकिणीचे आयुष्य आठवले, की ते स्वप्न अगदीच अधांतरी राहत नाही. खानावळवाली मुलगी खरोखरच त्या दुकानाची धनीण झाली होती.

*

आमिष म्हणून अन्न, वेतन म्हणून अन्न. मग माल म्हणून अन्न का नाही? याचे उत्तर झोला यांच्याच दुसऱ्या कादंबरीत सापडते असे आम्हांला वाटते.

'ओ बोनर दे दाम'च्या दहा वर्षे आधी, १८७३ मध्ये, त्यांची 'ल व्हाँत्र द पारी' म्हणजे 'पॅरिसचे पोट' ही कादंबरी आली होती. तिची जागा म्हणजे ले आल हा मध्यवर्ती भाजीबाजार, वास्तुविशारद बाल्तार यांच्या लोखंडी मंडपांखालचा. दोन्ही कादंबऱ्या 'रूगाँ-माकार' या एकाच वीस कादंबऱ्यांच्या मालेतल्या. डुकराच्या मांसाचे दुकान चालवणारी गुटगुटीत लिझा आणि कापडाचा सम्राट ओक्ताव्ह मूरे हे एकाच घराण्याच्या फांद्या आहेत. दोन्ही ठिकाणी लोखंड आहे, काच आहे, ढिगांनी रचलेला माल आहे, आणि मालाच्या वर्णनात लेखकाची शैली देहभान विसरते. तरीही अन्न एका कादंबरीत आणि कापड दुसरीत. पॅरिसमध्ये त्या वेळी ती खरोखरच दोन जगे होती.

कारण बूसिकोची पद्धत कापडाला जशी लागू पडते तशी मासळीला पडत नाही. एका ठाणातला एक वार दुसऱ्या वारासारखाच असतो. एक मासा दुसऱ्या माशासारखा नसतो. कापड सोमवारी आहे तेच शनिवारी असते. कापड परत आणता येते; खाल्लेला घास परत आणता येत नाही, आणि न खाल्लेला दोन दिवसांत कुजतो. चिठ्ठीवरची किंमत खरी राहायची तर वस्तू स्थिर असावी लागते. अन्न स्थिर नसते, म्हणून त्याची किंमत बोलण्यातून ठरते. आणि म्हणूनच 'पॅरिसचे पोट' ही बोलण्याची कादंबरी आहे. कोळिणींची भांडणे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, कुजबुज, चहाडी. तिच्यातला एक प्रसिद्ध प्रसंग चीजच्या दुकानात घडतो. तीन बायका तेथे एका माणसाचे गुपित उघड करीत असतात, आणि बोलणे जसजसे विषारी होत जाते तसतसा निरनिराळ्या चीजचा दर्प वाढत जातो.

तो माणूस म्हणजे फ्लोराँ. १८५१ च्या सत्तापालटानंतर त्याला चुकीने पकडून कायेनच्या काळ्या पाण्यावर पाठवले होते. तेथून निसटून तो परत येतो तो भाजीच्या गाडीवर, गाजर-कोबीच्या राशीवर पडून, भुकेने अर्धमेला. अन्नाच्या डोंगरात शिरलेला उपाशी माणूस, ही त्या कादंबरीची मूळ प्रतिमा आहे. जगात लठ्ठ आणि कृश अशा दोनच जाती आहेत, असे तिच्यातला चित्रकार क्लोद सांगतो. लठ्ठांना कृशांची भीती वाटते. अखेर फ्लोराँला पोलिसांच्या हवाली करायला सारा बाजार हातभार लावतो, त्यात त्याची भावजय लिझाही असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ठरावीक किमतीने अन्न विकणारी दुकाने पॅरिसमध्ये त्या काळीही होती. फेलिक्स पोतँने १८४४ मध्ये आपले किराणा दुकान काढले आणि कमी नफा, ठरलेली किंमत या तत्त्वांवर ते वाढवले. लंडनचे हॅरड्स तर उलट्या वाटेने गेले : चार्ल्स हेन्री हॅरड हा चहा आणि किराण्याचा व्यापारी, १८४९ मध्ये तो ब्रॉम्प्टनला आला, आणि इतर माल त्याच्या दुकानात मागाहून आला. त्या दुकानाचे रंगीत फरशांनी मढवलेले मांसदालन विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. पण पोतँचे यश कशावर उभे होते ते पाहावे : साखर, कॉफी, चॉकलेट, डबाबंद पदार्थ आणि स्वतःच्या कारखान्यात तयार केलेला माल. म्हणजे जे अन्न कापडासारखे झाले होते ते. निकोला आपेर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस अन्न हवाबंद करून टिकवण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हाच अन्नाला ठाणासारखे कपाटात रचण्याचा मार्ग खुला झाला. डबा ही अन्नाची चिठ्ठी आहे. तिच्यामुळे विक्रेत्याला काही विचारावे लागत नाही.

*

ले आलचा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रँजीस येथे हलवण्यात आला. १९७१ पासून बाल्तारचे मंडप पाडायला सुरुवात झाली. त्यांतला एक तेवढा उचलून पॅरिसजवळच्या नोजाँ-स्युर-मार्न येथे पुन्हा उभारलेला आहे. शहराचे पोट शहरातून काढले गेले. त्यानंतर दशकाच्या आतच, १९७८ मध्ये, बाँ मार्शेच्या खाद्यविभागाला 'ग्राँद एपिसेरी द पारी' हे नाव मिळाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असा आमचा दावा नाही; पण साहित्याच्या वाचकाला त्यांचा क्रम दिसल्यावाचून राहत नाही. बाजार गेला आणि बाजाराचे चित्र दुकानात टांगले गेले. १९८४ मध्ये बाँ मार्शे बर्नार आर्नो यांच्या ताब्यात आले आणि आज ते त्यांच्या एलव्हीएमएच या समूहाचा भाग आहे. 'स्वस्त' नावाचे दुकान ऐश्वर्याच्या वस्तूंचे दुकान झाले, आणि कोळिणींचा आरडाओरडा जाऊन तेथे मंद प्रकाशात बर्फावर मासे मांडले गेले.

असा निष्कर्ष जवळजवळ पक्का करून आम्ही चीजच्या कट्ट्यापाशी उभे होतो. कामाँबेर हवे होते. पांढरा अंगरखा घातलेल्या विक्रेत्याने पेटी उचलली नाही, आधी विचारले, "कधी खाणार आहात?" आम्हांला प्रश्न नीटसा कळला नाही. त्याने सावकाश पुन्हा विचारले, "आज संध्याकाळी, की उद्या?" आमच्यापैकी एकीने मोडक्या फ्रेंचमध्ये 'आज' म्हटले. त्याने दोन-तीन पेट्यांची झाकणे उघडली, आतल्या चीजवर अंगठा हलकेच दाबून पाहिला, दोन परत ठेवल्या आणि तिसरी आमच्या हाती दिली. किंमत चिठ्ठीवर होती, तेवढीच. तीवर बोलण्यासारखे काही नव्हते. पण चीज कसे आहे यावर अजूनही बोलावे लागत होते, कारण ते जिवंत होते आणि उद्या आजच्यासारखे राहणार नव्हते.

तेव्हा आमच्या निष्कर्षाला थोडी मुरड घालावी लागली. महादुकानाने दीडशे वर्षे संभाषण काढून टाकले. आणि सर्वांत शेवटी ज्या मालाला त्याने आत घेतले, त्याच्याबरोबर संभाषणही मागच्या दाराने परत आले. ते आता भावाचे नाही, जिभेचे आहे. सगळ्यांना परवडणारे तर ते मुळीच नाही. बोलणे ही आज ऐश्वर्याची वस्तू झाली आहे : गरिबाच्या अन्नावर डबा आणि चिठ्ठी, श्रीमंताच्या अन्नाला बोलणारा माणूस. बूसिकोच्या काळी हे नेमके उलटे होते. बोलणे बाजारातल्या गरिबाच्या वाट्याला होते आणि मुकी चिठ्ठी महादुकानातल्या बाईसाहेबांच्या.

*

पेटी पिशवीत घालून आम्ही उद्यानाकडे परतलो. उद्यानाच्या दुसऱ्या अंगाला हॉटेल ल्युतेसिया आहे. १९१० मध्ये ते बाँ मार्शेच्याच चालकांच्या पुढाकाराने उभे राहिले. बाहेरगावच्या श्रीमंत गिऱ्हाइकांना खरेदीच्या दिवसांत उतरायला जागा हवी म्हणून. जर्मन ताब्याच्या काळात तेथे जर्मन लष्करी हेरखात्याचे ठाणे होते. आणि १९४५ च्या एप्रिलपासून काही महिने नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या हजारो माणसांना तेथे आणले गेले. हरवलेल्यांची छायाचित्रे लावलेल्या फलकांपुढे नातेवाईक तासन्‌तास उभे राहत. परतलेल्यांपैकी अनेकांची शरीरे इतकी खंगली होती, की समोर आलेले अन्नही त्यांना बेताबेताने द्यावे लागे. हॉटेलच्या भिंतीवर या घटनेची स्मृतिशिला आहे.

आम्ही ती वाचली तेव्हा फ्लोराँची आठवण येणे अटळ होते. अन्नाच्या राशीपाशी परतलेला कृश माणूस ही झोला यांनी रचलेली प्रतिमा वाटत होती. येथे, या दुकानापासून काही पावलांवर, ती हजारोंच्या संख्येने गाड्यांतून उतरली होती. एक फरक मात्र होता, आणि तो छोटा नव्हे. फ्लोराँला बाजाराने पकडून दिले. या माणसांना गिऱ्हाइकांच्या चैनीसाठी बांधलेल्या हॉटेलने बिछाना आणि जेवण दिले. या एकाच परिसरात अन्न आमिष झाले, वेतन झाले, माल झाले; काही महिन्यांपुरते का होईना, ते नुसते अन्नही झाले होते.

उद्यानाला बूसिकोचे नाव आहे. आत संगमरवरातले एक शिल्प आहे : मार्गरित बूसिको आणि दानशूर म्हणून ख्यात असलेल्या बॅरोनेस क्लारा द हिर्श, आणि त्यांच्यापुढे गरीब आई व मूल. मार्गरितने १८८७ मध्ये मरताना संपत्तीचा मोठा भाग सार्वजनिक कार्याला दिला. तिच्या नावाचे रुग्णालय त्यातून उभे राहिले. शिल्पकाराने तिला दान देणारी म्हणून घडवले आहे आणि ते खोटे नाही. पण त्या बाकावर बसून, पाव मोडून, दुकानातून आणलेले ते नेमके पिकलेले चीज खाताना आम्हांला वाटत राहिले, की या बाईचे खरे शिल्प करायचे तर तिच्या हातात पळी द्यायला हवी होती. रू द्यु बाकवरच्या खानावळीत टोपीवाल्याच्या मुलाला वाढताना तिने त्याला नक्कीच काहीतरी विचारले असेल. आणखी वाढू का, एवढे तरी. चिठ्ठीवर लिहिता येत नाही असा तो प्रश्न आहे. दुकानाचा सारा इतिहास त्या प्रश्नापासून दूर जाण्याचा आणि कधीमधी, चुकून, त्याच्यापाशी परत येण्याचा इतिहास आहे.